मागं बसणाऱ्याला विचारलं का?

भाचा आला. अमरावतीहून धारणीपर्यंत, मोटारसायकलवर, भर श्रावणात. परतवाडा सोडला की घटांग, सेमाडोह, कोलकास, हरिसाल अशी एकेक नावं मागं टाकत येणारा हा रस्ता पावसाळ्यात माणसानं एकदा तरी पाहावाच. तर हा भिजत, धुक्यात थांबत, फोटो काढत संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. मामी चहा टाकायला आत गेली आणि मी सवयीप्रमाणे गाडीकडं वळलो. गाडी ओळखूच येईना.

म्हणजे पुढून आली. टाकी तीच, हँडल तेच. मागून मात्र गाडी मध्येच संपली होती. सीट जिथं संपते तिथंच गाडीही संपत होती! मागचा लांब मडगार्ड गायब. त्याच्या आतला, चाकावरून वाकत जाणारा प्लास्टिकचा मडगार्डही गायब. साडीगार्ड नाही. मागं बसणाऱ्यानं धरायचा दांडा नाही. इंडिकेटरच्या जागी तांदळाएवढ्या दिव्यांची एक पट्टी, आणि नंबरप्लेट सीटच्या पोटाशी आडवी चिकटवलेली. चाक बिचारं उघडंबोडकं. शेपूट उपटलेल्या कोंबड्यासारखी दिसत होती गाडी. (हे मी मनात म्हणालो. बाहेरून आलेल्या माणसाला आधी चहा द्यावा, मग बोलावं.)

"मामा, कशी दिसते?"

"चांगली आहे. मागचं कुठं सांडलं?"

"सांडलं नाही जी मामा, काढलं. टेल टायडी म्हणतात याले. अमरावतीत करून घेतली. सगळे करतात."

'सगळे करतात' या वाक्यापुढं कोणत्याच मामाचं काही चालत नाही, हे मला माझ्या मामांच्या अनुभवावरून माहीत आहे. म्हणून गप्प बसलो. पण पुढच्या दोन दिवसांत जे घडलं त्यानंतर गप्प बसवेना. ते सगळं इथं लिहितो आहे. ताई, तू वाचशीलच. तुझ्या लेकाची तक्रार म्हणून वाचू नकोस.

आधी त्याची बाजू सांगतो, कारण ती अगदीच टाकाऊ नाही. गाडीचं मागचं कापायची हौस आजकालची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या पोरांनी जड मोटारसायकलींचे मडगार्ड छाटले, नको ती ओझी काढून टाकली आणि गाड्या हलक्या केल्या. त्या गाड्यांना बॉबर म्हणतात. तिकडं इंग्लंडात साठच्या दशकात कॅफेसमोर गाड्या लावून बसणाऱ्या पोरांनी एकट्यापुरती सीट आणि खाली वाकलेलं हँडल लावून कॅफे रेसर काढल्या. आपल्याकडंही राजदूत, येझदी, बुलेट यांच्यावर करामती करणारे मिस्तरी गावोगाव होतेच की. आपल्या हातची वस्तू आपल्यासारखी व्हावी असं वाटणं यात वाईट काय? आमच्या वडिलांनी सायकलच्या मडगार्डवर नाव रंगवून घेतलं होतं आणि मागं लाल भिंगाखाली रबरी पट्टा लोंबत सोडला होता. ते त्या काळचं मॉडिफिकेशनच म्हणायचं!

पण बॉबरवाला काय आणि कॅफे रेसरवाला काय, एकटे हिंडणारे गडी. एकट्यापुरती सीट ठेवली आणि बाकीचं कापलं, इथपर्यंत हिशोब बरोबर आहे. आमच्या या पोरांनी कापाकापी तिकडची उचलली आणि सीट मात्र दोघांची ठेवली. आता त्या सीटच्या मागच्या अर्ध्यावर कोण बसणार?

तर दुसऱ्या दिवशी मी बसलो.

हरिसालला माझं थोडं काम होतं. एसटीनं जाणार होतो, भाचा म्हणाला, "मामा, सोडतो ना मी." गेलो. धारणीपासून हरिसाल पंचवीस-तीस किलोमीटर असेल. मागं धरायला काही नाही म्हणून मी आधी सीटची कड धरली, मग सीटवरचा पट्टा आणि शेवटी लाज सोडून भाच्याचे खांदे. पाऊस थांबलेला होता, पण रस्ता ओला. चाकावरून उडालेलं पाणी आणि चिखल सरळ माझ्या पाठीवर. हरिसालला उतरलो तेव्हा कंबरेपासून मानेपर्यंत एक रुंद तपकिरी पट्टा उमटला होता. ज्यांच्याकडं काम होतं ते गृहस्थ सभ्य. त्यांनी पुढूनच बोलायचं ठरवलं आणि मीही शेवटपर्यंत पाठ वळवली नाही.

परतताना सहाचा सुमार. हरिसाल सोडून बरंच पुढं आलो आणि गाडी एकाएकी बंद पडली. हळूहळू गचके देत वगैरे नाही. हेडलाइट, मीटर, हॉर्न, सगळं एका क्षणात मेलं. भाच्यानं दोनदा बटन दाबलं. टिकसुद्धा वाजेना. फोनला रेंज नाही. दोन्ही बाजूंना साग, वर ढग आणि कुठं तरी खाली पाण्याचा आवाज. १९७३-७४ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं, ही माहिती एरवी मी पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगतो. त्या दिवशी ती आपोआप आठवली, आणि अभिमान काही वाटला नाही.

"फ्यूज उडाला असेल," भाचा म्हणाला. पोरगा हुशार आहे, रोग बरोबर ओळखला. फ्यूजचा डबा सीटखाली. त्यानं सीटच्या कुलपाला चावी लावली, फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. सीट जागची हलेना.

इथं थोडं थांबून हे सीटचं कुलूप काय असतं ते सांगतो. गाड्या आपण सगळेच चालवतो, पण हे आपल्याला कोणी सांगत नाही. (मलाही त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळूनच कळलं.)

सीटच्या पोटाला एक लोखंडी कडी असते. गाडीच्या सांगाड्यावर एक खटका असतो, तो स्प्रिंगच्या जोरावर मिटलेला राहतो. सीट दाबली की कडी खटक्याला बाजूला सारून आत शिरते आणि स्प्रिंग खटका परत मिटवते. तो 'खट्' आवाज त्याचाच. उघडताना चावी फिरवली की कुलपामागची पट्टी एक बारीक केबल ओढते, केबल खटका ओढते आणि कडी सुटते. काही गाड्यांत केबल नसते, कुलूपच खटक्याला भिडलेलं असतं. एवढाच कारभार. अडकण्याच्या जागा चार, आणि कुठं अडकलंय ते चावीच सांगते.

चावी फिरतच नसेल तर दोष कुलपात. आत धूळ बसलेली असते नाहीतर चावी झिजलेली असते. अशा वेळी पक्कड लावून चावी पिळणारा माणूस पाच मिनिटांनी अर्धी चावी हातात घेऊन उभा असतो. घरातली दुसरी, कमी वापरलेली चावी लावून पाहावी. पेन्सिलीच्या शिशाची पूड चावीला चोळून आतबाहेर करावी. कुलपात तेल ओतू नये. तेलानं दोन दिवस बरं वाटतं, मग त्याच तेलावर धूळ बसून राब होतो.

चावी फिरते पण जड जाते, सीट किंचित हलते पण सुटत नाही, तर बहुधा कडीवर ताण आहे. सीटखाली आपण रेनकोट, फडकी, कागदपत्रं, काय काय कोंबलेलं असतं. ते सीटला वर ढकलतं, कडी खटक्याला घासून घट्ट बसते. उपाय सोपा. एकानं सीटच्या मागच्या भागावर दोन्ही हातांनी दाबायचं, आणि दाब असतानाच दुसऱ्यानं चावी फिरवायची. आपण करतो नेमकं उलट, सीट वर ओढत चावी फिरवतो. ओढल्यानं ताण आणखी वाढतो. अडकलेल्या कितीतरी सीटा एवढ्या दाबण्यानंच उघडतात.

दाबूनही भागत नसेल आणि चावी जडच असेल, तर खटक्यात चिखल किंवा गंज. खालून फटीतून गंजावरचा स्प्रे मारायचा, तो नसेल तर थोडं डिझेल. मग दहा मिनिटं थांबायचं (हे थांबणंच कोणाला जमत नाही) आणि दाब-सोड करत चावी हलवायची.

आणि चौथा प्रकार आमचा. चावी अगदी मोकळी, पोकळ फिरते, हाताला काहीच लागत नाही. म्हणजे केबल निसटली किंवा तुटली. इथं स्प्रे, दाबणं, देवाचं नाव, कशाचाच उपयोग नाही. चावीचा आणि खटक्याचा संबंधच उरलेला नसतो. खटक्यापर्यंत दुसऱ्या वाटेनं पोचावं लागतं.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही दोघं सीट ओढत होतो. भाचा चावी पिळत होता, मी त्याला "हळू, हळू" म्हणत होतो आणि स्वतः जोर लावत होतो. अंधार उतरायला लागला.

तेवढ्यात मागून एक गाडी आली. जुनी, शंभर सीसीची. मागं वेल्डिंग केलेलं कॅरियर, त्यावर एक पोतं, पोत्याला टेकून पदर कमरेला खोचलेली बाई, तिच्या मांडीवर लेकरू. कोरकू कुटुंब. गडी थांबला, काही न विचारता गाडी स्टँडवर लावली, आमचं ओढणं पाहिलं आणि म्हणाला, "रुको सर. जोर मत लगाओ, चाबी टूट जाएगी." (धारणी तालुक्यात आम्ही सगळे गरजेप्रमाणे मराठी, हिंदी आणि ज्याला येते तो कोरकू बोलतो. अनोळखी शर्टपँटवाला दिसला की समोरून हिंदीच येते.) त्यानं चावी एकदा फिरवून बघितली, मान हलवली. पोत्याचं तोंड ज्या बाइंडिंग तारेनं बांधलं होतं तिचा वितभर तुकडा मोडला, टोकाला आकडा केला, मोबाइलची बॅटरी बायकोच्या हातात दिली आणि सरळ चाकाच्या वरून हात घातला. आतला मडगार्ड नव्हताच, त्यामुळं हात थेट खटक्यापर्यंत गेला. दोन-तीनदा आकडा सुटला. चौथ्यांदा खट् झालं आणि सीट वर आली.

मग खरी गंमत दिसली. त्या तांदळाच्या दिव्यांची वायर चाकाच्या वरून, उघडीच, चिकटपट्टीनं लावलेली होती. एकटा भाचा बसला की चाक आणि वायर यांत बोटभर अंतर राहत असणार. मी आहे ८४ किलोचा. मी बसल्यावर प्रत्येक खड्ड्याला शॉकअप दबत होता, चाक वर येऊन वायर घासत होतं. शेवटी तांबं उघडं पडलं, सांगाड्याला टेकलं, शॉर्ट झालं आणि फ्यूज गेला. सीटच्या केबलचंही तसंच. ती ज्या प्लास्टिकला अडकवलेली असते तेच प्लास्टिक काढून टाकलेलं. मोकळी केबल गचके आणि चिखल खात खात खाचेतून बाहेर आलेली.

म्हणजे बघा, ज्यानं हे काम केलं त्यानं गाडी तपासली असेल, नाही असं नाही. पण एकट्या, सडपातळ, बावीस वर्षांच्या माणसासाठी तपासली. मागं कोणी बसेल हे त्याच्या हिशोबातच नव्हतं.

डब्यात जादा फ्यूज होता. तो लगेच घालणार तेवढ्यात त्या गड्यानं थांबवलं, "पहले वो तार अलग करो, नहीं तो ये भी जाएगा." बरोबरच होतं. शॉर्ट तसंच ठेवून फ्यूज बदलला तर दुसराही त्याच वाटेनं जातो. आणि तिसरा नसतो म्हणून माणसं सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घालतात, मग फ्यूजऐवजी वायरी जळतात. आम्ही मागच्या दिव्यांची ती वायर तोडून टोकं वेगळी गुंडाळली. गाडी सुरू झाली. पण आता मागं एकही दिवा नाही. अंधारात, ओल्या रस्त्यावर, मागून येणाऱ्या ट्रकला आम्ही दिसणारच नव्हतो.

गड्यानं बायकोकडं पाहिलं, कोरकूत काही तरी बोलला, आणि आम्हाला म्हणाला, "आप चलो आगे. मैं पीछे रहता हूँ."

आणि तो राहिला. धारणीची घरं दिसेपर्यंत आमच्या मागं पन्नास पावलांवर त्याचा पिवळा हेडलाइट होता. मी मागं वळून वळून बघत होतो. पोत्यावर टेकलेली त्याची बायको, मांडीवर झोपलेलं लेकरू, डाव्या बाजूला नीट लावलेलं साडीगार्ड. गाव लागल्यावर त्यानं हॉर्न दिला आणि वळून गेला. नाव विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मिस्तरीकडं गेलो. आमचे इथले मिस्तरी काका कमी बोलतात. त्यांनी खटका पेट्रोलनं धुतला, त्याला (कुलपाला नव्हे, खटक्याला) बोटभर ग्रीस लावलं, केबल खाचेत बसवून नव्या क्लिपनं बांधली. वर खटक्याला एक नायलॉनची बारीक दोरी बांधून तिचं टोक बाहेरून दिसणार नाही असं दडवून ठेवलं. पुन्हा केबल गेली तर दोरी ओढायची, सीट उघडते. पाच रुपयांचाही खर्च नाही. सगळ्यांनी करून घ्यावं असं काम आहे. मग हात पुसत भाच्याला म्हणाले,

"पोट्टे येतात, म्हनतात मिस्तरी, मांगचं सारं कापून टाका. म्या म्हनतो, कापतो बापा, मले काय. पन मांग बसनाराले इचारलं का?"

त्या एका वाक्यात सगळं आलं. माझं पुढचं सगळं त्याच्यावरचं भाष्य आहे.

मोटारसायकलचा पुढचा भाग चालवणाऱ्याचा. हँडल, ब्रेक, गिअर, आरसे, मीटर, सगळं त्याच्या हाताखाली. मागच्या भागात मात्र जवळजवळ प्रत्येक वस्तू दुसऱ्या कोणासाठी असते. धरायचा दांडा मागं बसणाऱ्यासाठी. साडीगार्ड तिच्या साडीसाठी. मडगार्ड तिच्या पाठीसाठी आणि मागून येणाऱ्याच्या तोंडासाठी. टेललाइट, इंडिकेटर पूर्णपणे परक्या माणसासाठी, जो आपल्याला ओळखतही नाही. नंबरप्लेट तर ज्याला आपण धडकून पळून जाऊ त्याच्यासाठी. चालवणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, टोचत नाही, उपयोगी पडत नाही. म्हणून त्याला ते 'नुसतं लोंबणारं' वाटतं.

साडीगार्ड ही तर खास आपली वस्तू. आपण डाव्या हातानं चालतो, म्हणून बाई डावीकडं पाय सोडून बसते. डावीकडंच बहुतेक गाड्यांची चैन, डावीकडंच तिचा पदर. स्कूटरचं चाक पत्र्यात झाकलेलं असायचं, म्हणून तिथं प्रश्न नव्हता. मोटारसायकलचं चाक उघडं, म्हणून ती जाळी. तिकडच्या गाड्यांना ती नसते, कारण तिकडं साडी नसते. 'टेल टायडी'सुद्धा तिकडचीच. तिथल्या नियमांमुळं नंबरप्लेटचा लांब दांडा मागं लोंबत असतो, तो आखूड करायची ती पट्टी. तिकडच्या गरजेतून निघालेली वस्तू इथं आणली आणि इथल्या गरजेतून निघालेली काढून फेकली, असा हा व्यवहार.

आणि पदराचं भय फक्त आपल्याकडंच असतं असंही समजू नका. इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका १९२७ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात मोटारीच्या चाकात गळ्यातला लांब स्कार्फ अडकून गेली. आपल्याकडं ओढणी चाकात अडकून होणाऱ्या दुखापतींवर डॉक्टर लोक लेख लिहितात.

कायदा काय म्हणतो? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मला फार आवडतो. त्यात लिहिलंय की मागं माणूस बसवायची सोय असलेल्या मोटारसायकलला कायमची धरायची मूठ हवी, पाय ठेवायची जागा हवी आणि मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकणारी सोय हवी. सरकारी भाषेत कोणी तरी पदराची काळजी करून ठेवली आहे! मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की गाडीत मूळ बनावटीपेक्षा वेगळे फेरफार करायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला दर फेरफारामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं ठरवलं. भाच्याच्या गाडीतले फेरफार मी मोजले. पाच. गुणाकार त्याचा त्यानंच केला.

नंबरप्लेटचं वेगळंच. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती अॅल्युमिनियमची, अशोकचक्राच्या होलोग्रामची पाटी येते, आणि एकदा बसवली की न निघणाऱ्या खिट्टीनं येते. आडवी चिकटवायची म्हणजे ती खिट्टी तोडायची. ४१४१ चं 'दादा' आणि २१४ चं 'राम' करणारे पेंटर त्या मानानं निष्पापच म्हणायचे.

आता कोणी म्हणेल, मग त्या कोरकू गड्याचं वेल्ड केलेलं कॅरियर चालतं का? तेही फेरफारच. खरं आहे. २०२० च्या दुरुस्तीनं मागं डबा लावायला परवानगी आहे, पण लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलीमीटर एवढाच, आणि तो मागच्या सीटच्या जागी असेल तर माणूस बसवायचा नाही. पोतं, बायको, लेकरू आणि कॅरियर हे त्या मापात बसत नाही. मी त्याला कायद्यानं बरोबर ठरवत नाही. लेकराच्या डोक्यावर टोपी नव्हती, बापाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, हेही मी पाहिलं. पण कोणी आपल्या गाडीला काही जोडतो, कारण मागं कोणी तरी, काही तरी न्यायचं आहे. कोणी काढून टाकतो, कारण मागं कोणी आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. दोघांना एकाच तराजूत घालायला माझं मन घेत नाही. अपंग माणसासाठी गाडीला जादा चाकं लावायची वाट तर कायद्यानंच ठेवली आहे. म्हणजे बदलाला ना नाही. बदल कोणासाठी, एवढं विचारायचं.

मी हे सगळं भाच्याला सांगितलं का? कायदा सांगितला. तो "हो मामा" म्हणाला. वीस-बावीसच्या वयात 'हो मामा'चा अर्थ काय असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग रात्री जेवताना मी त्याला तेल्हाऱ्याच्या मावशीची गोष्ट सांगितली.

ताई, तुला ती ठाऊकच आहे. त्याला नव्हती.

१९८४ सालची. मावशी आणि काका अकोटहून तेल्हाऱ्याला येत होते. काकांची गाडी नवीच होती. साडीगार्ड खडखड करतं म्हणून आठवड्यापूर्वी त्यांनी ते काढून अंगणात ठेवलं होतं, रविवारी रबर लावून बसवू म्हणून. रविवार यायच्या आत गुरुवार आला. वाऱ्यानं पदर सुटला, चाकात गेला, आणि मावशी मागच्या मागं ओढली गेली. जीव वाचला. डावा खांदा मात्र कायमचा गेला. हात खांद्याच्या वर पुन्हा कधी गेला नाही.

काकांनी ते साडीगार्ड त्याच आठवड्यात बसवलं. पुढं त्यांनी तीन गाड्या बदलल्या, प्रत्येकीला सगळ्यात आधी जाळी लावून घेतली. मावशी मात्र एकाही गाडीवर बसली नाही. तिनं काकांना कधी बोल लावला नाही. पण हात वर जात नाही म्हणजे वेणी घालता येत नाही. म्हणून काका घालायचे. रोज सकाळी, ओसरीवर, तेल लावून, गुंता सोडवून. त्या काळात, तेल्हाऱ्यात, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर! लोक हसायचे. ती गेली तोवर, चौतीस वर्षं, त्यांनी एक दिवस चुकवला नाही.

भाचा लहानपणी सुट्टीत जायचा तेव्हा त्यानं हे पाहिलेलं होतं. "आबा आजीची वेणी घालायचे, ते त्यासाठी?" एवढंच तो म्हणाला. "मले वाटे, लाड करतात."

"लाडही होताच," मी म्हणालो.

मग कोणी काही बोललं नाही. मामीनं भाकरी वाढली.

चार दिवसांनी तो अमरावतीला परतला. मागच्या शनिवारी ताईचा फोटो आला. बँकेत जायला निघालेली, गाडीवर डावीकडं पाय सोडून बसलेली, एका हातानं दांडा धरलेला. आतला मडगार्ड परत आलाय. साडीगार्ड नवं कोरं, चकाकतंय. नंबरप्लेटसाठी अर्ज केलाय म्हणे. इंडिकेटर मात्र अजून तांदळाएवढेच आहेत. पाचापैकी चार होण्याच्या वाटेवर आहेत, एकासाठी मी पुढच्या सुट्टीपर्यंत थांबतो.

फोनवर म्हणाला, "पण मामा, त्या दिवशी आतला मडगार्ड असता तर तार आत गेली असती का? सीट उघडलीच नसती."

पोरगा हुशार आहे, हे वर लिहिलंच आहे. मी म्हणालो, "आतला मडगार्ड असता तर बापा, सीट उघडायची वेळच आली नसती."

तो हसला. मी पण. ताई, पदर खोचून बसत जा.